घरी ईव्ही चार्जिंग: आधी अर्थिंग मोजा, मग चार्जर लावा

बहुतेक घरांत क्रम उलटा होतो. गाडी येते, चार्जर येतो, पार्किंगमध्ये सॉकेट लागतो आणि चार्जरवर लाल दिवा लागल्यावर अर्थिंगची आठवण होते. मग कोणीतरी सॉकेट उघडून न्यूट्रल आणि अर्थ पिनमध्ये वायरचा तुकडा टाकतो. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होऊ लागते आणि सगळे निर्धास्त होतात. या तुकड्यासह चार्जिंग करणे हे अर्थिंग अजिबात नसण्यापेक्षाही घातक आहे. का, ते टप्पा २ मध्ये येईल.

एक गोष्ट आधीच पक्की करा: हिरवा दिवा म्हणजे अर्थिंग चांगले असल्याचा दाखला नव्हे. चार्जरची पेटी अगदी थोड्या प्रवाहावर अर्थ वायर जोडलेली आहे की नाही एवढेच पाहते. बिघाडाच्या वेळी तीच वायर मोठा प्रवाह जमिनीत सोडू शकेल का, हे तिला कळत नाही. ते मोजावेच लागते.

गाडी रबरी टायरवर उभी असते. तिचा पत्रा जमिनीला जोडणारी एकच वाट असते, ती म्हणजे चार्जिंग केबलमधली हिरवी वायर. चार्जरच्या फिल्टरमधून काही मिलिअँपिअर गळती नेहमीच होते, बिघाड नसतानाही. अर्थ तुटलेली असेल तर पत्र्यावर साधारण ११५ व्होल्टपर्यंत दाब तरंगत राहतो आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून दाराला हात लावला की झिणझिण्या येतात. 'थोडा करंट येतो, नवीन गाडी आहे' असे म्हणून ते सोडून देऊ नका. अर्थ तुटल्याची ती पहिली खूण आहे.

## टप्पा १: खरेदीआधी ठरवायच्या गोष्टी

चार्जर किती अँपिअर घेणार ते आधी पाहा. गाडीसोबत येणारा पोर्टेबल चार्जर साधारण ३.३ किलोवॅटचा, म्हणजे २३० व्होल्टला १४ ते १५ अँपिअर. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा वॉलबॉक्स सुमारे ३१ ते ३२ अँपिअर. दोन्ही भार तासन्‌तास सलग चालतात. गीझरही १५ अँपिअरपर्यंत घेतो, पण तो पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. म्हणून गीझरच्या पॉइंटवर गाडी लावू नका.

महावितरण किंवा तुमच्या वीज कंपनीच्या बिलावर मंजूर भार पाहा. ७.२ किलोवॅट जोडायचे तर बहुतेक घरांना भारवाढीचा अर्ज करावा लागतो. तो करताना परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतोच. अर्थिंगचे मोजमाप त्याच फेरीत करून घ्या.

वायरमनला कामाआधी दोन प्रश्न विचारा: तुमच्याकडे अर्थ टेस्टर (अर्थिंगचा रोध मोजणारे यंत्र) आहे का, आणि आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) तपासायचे यंत्र आहे का? दोन्हींचे उत्तर 'टेस्टर पेटला की कळतं' असे आले तर दुसरा वायरमन शोधा. स्क्रूड्रायव्हरमधला निऑन दिवा अर्थ पिनवर पेटला नाही, यावरून अर्थिंगबद्दल काहीही सिद्ध होत नाही. तुटलेल्या अर्थ पिनवरही तो पेटत नाही.

## टप्पा २: आहे ते अर्थिंग तपासणे

जुन्या घरात हिरवी वायर सॉकेटपर्यंत आलेली असते, पण तिचे दुसरे टोक कुठे जाते हे कोणालाच ठाऊक नसते. कधी मीटरच्या पाटीखाली लोंबत असते, कधी खिडकीच्या गजाला बांधलेली असते, कधी पाण्याच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपला. मध्ये कुठेही पाइप बदलून पीव्हीसी घातला की त्या अर्थिंगची वाट बंद आणि त्या पाइपवरच्या नळाला मात्र करंट. म्हणून वायरचा माग अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत, म्हणजे जमिनीत पाइप किंवा रॉड पुरलेल्या जागेपर्यंत, डोळ्यांनी काढा. खड्डा सापडला नाही तर तो नाही असेच समजा आणि टप्पा ३ कडे जा.

खड्डा सापडला तर चांगल्या मल्टिमीटरने सॉकेटवर तीन रीडिंग घ्या. मीटर आणि त्याच्या तारा ६०० व्होल्ट, कॅट ३ दर्जाच्या असाव्यात.

- फेज ते न्यूट्रल: २३० च्या आसपास.
- फेज ते अर्थ: जवळजवळ तेवढेच.
- न्यूट्रल ते अर्थ: २-३ व्होल्टच्या आत.

सॉकेटकडे तोंड करून उभे राहिल्यावर मोठे भोक वर, फेज उजवीकडे आणि न्यूट्रल डावीकडे असायला हवा. फेज-न्यूट्रल उलटे असतील तर बरेच पोर्टेबल चार्जर सुरूच होत नाहीत.

आता त्याच सॉकेटच्या सर्किटवर इस्त्री किंवा हीटर लावून तिसरे रीडिंग पुन्हा घ्या. भार आल्यावर न्यूट्रलमध्ये थोडा दाब पडतो, त्यामुळे रीडिंग जरासे वाढायलाच हवे. ते वाढत नसेल, भार चालू असूनही ०.० दिसत असेल, तर खूश होऊ नका. जवळपास कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडलेले आहेत. मेन बंद करून सॉकेट उघडा आणि तो तुकडा शोधा. उलट रीडिंग ८-१० व्होल्टवर गेले तर न्यूट्रलचा जोड सैल आहे किंवा वायर कमी जाडीची आहे. फेज-अर्थ १४० आणि न्यूट्रल-अर्थ ९० असे काही आले तर अर्थ वायर हवेत तरंगते आहे.

इशारा: न्यूट्रल-अर्थ तुकड्यात धोका असा की न्यूट्रल मागे कुठेही तुटला, मीटरवर, खांबावर, जोडात, की त्याच तुकड्यातून २३० व्होल्ट थेट गाडीच्या पत्र्यावर येतात. तुकडा आरसीसीबीच्या पुढे, म्हणजे सॉकेटमध्ये असेल आणि खरी अर्थ वायर नसेल, तर गळतीचा प्रवाह न्यूट्रलनेच परत येतो. आत जाणारा आणि परत येणारा प्रवाह सारखाच दिसतो, म्हणून आरसीसीबी गप्प बसतो. बाजारात 'ईव्ही अर्थिंग अडॅप्टर' नावाने मिळणाऱ्या छोट्या डब्या चार्जरला याच पद्धतीने फसवतात. त्या घेऊ नका.

मल्टिमीटरने दाब कळतो, अर्थिंगची ताकद नाही. हजार ओहमची कुचकामी अर्थही मीटरवर २३० व्होल्ट दाखवते, कारण मीटर प्रवाह जवळपास घेतच नाही. खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरनेच मोजायचा. ती पद्धत टप्पा ७ मध्ये आहे. फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून पाहण्याची जुनी सवय सोडा. अर्थ खराब असेल तर त्या चाचणीत घरातली सगळी अर्थ जोडलेली भांडी-यंत्रे काही क्षण जिवंत होतात.

## टप्पा ३: नवा खड्डा

जागा इमारतीच्या पायापासून निदान १.५ मीटर दूर, शक्य तितकी ओलसर आणि गाडीच्या चाकाखाली येणार नाही अशी. सांडपाण्याची टाकी आणि गॅसची पाइपलाइन टाळा. खणण्याआधी पाण्याच्या आणि विजेच्या जमिनीखालच्या वाटा विचारून घ्या.

इलेक्ट्रोड दोनपैकी एक निवडा. एक, ४० मिमी आतील व्यासाचा आणि निदान २.५ मीटर लांबीचा जीआय पाइप, भोवती कोळसा-मीठ. दोन, ३ मीटरचा तांब्याचा थर असलेला १७.२ मिमी रॉड, भोवती तयार बॅकफिल पावडर. कोळसा-मीठ स्वस्त पडते, पण मिठामुळे जीआय गंजतो आणि पावसात मीठ वाहून जाते, म्हणून ते दर काही वर्षांनी पुन्हा भरावे लागते. कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत आणि ओल्या जमिनीत तर दुसरा पर्यायच घ्या. पैसे थोडे जास्त जातात, पण नंतर खणावे लागत नाही. अशा रॉडसाठी सहा ते नऊ इंच व्यासाचे, दहा फुटांचे बोअर मारतात. पावडर पाण्यात कालवून पातळ लापशीसारखी करून ओता. कोरडी टाकली तर रॉडभोवती पोकळ्या राहतात आणि रोध कमी होतच नाही.

महाराष्ट्रात खरा प्रश्न जमिनीचा आहे. ३ मीटरच्या रॉडचा रोध ढोबळमानाने मातीच्या रोधकतेच्या एक तृतीयांश येतो. ओल्या काळ्या मातीची रोधकता १५ ओहम-मीटर धरली तर एका रॉडने ५ ओहम मिळतात. मुरमाला १०० ओहम-मीटर धरा, तोच रॉड ३३ ओहम देतो. बेसॉल्टच्या कातळात किंवा जांभ्यात तो शेकड्यात जातो. म्हणजे शेजाऱ्याकडे एका खड्ड्यात भागले म्हणून तुमच्याकडे भागेल असे नाही.

रोध जास्त आला (लक्ष्य ५ ओहमच्या आत) तर आणखी मीठ ओतून उपयोग नाही. दुसरा रॉड घाला, पहिल्यापासून निदान रॉडच्या लांबीच्या दुप्पट, म्हणजे ६ मीटर दूर, आणि दोन्ही पट्टीने जोडा. जवळ घातलेले दोन रॉड मातीचा एकच पट्टा वापरतात आणि खर्च दुप्पट होऊनही फायदा थोडाच होतो. कातळावर खोल बोअर हाच उपाय आहे.

काळ्या मातीचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवा. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि रॉडपासून सुटते. ऑगस्टमध्ये ३ ओहम दाखवणारा खड्डा मे महिन्यात १२ दाखवू शकतो. बॅकफिल पावडर ओल धरून ठेवते ती यासाठीच. खड्ड्यावर झाकणाचा चेंबर बांधा आणि पाणी ओतायला नळी ठेवा.

तपासा: माती भरण्याआधी फोटो काढा: रॉडची लांबी, क्लॅम्प, पट्टीचा जोड. पाच वर्षांनी दुसरा वायरमन आला की हाच फोटो त्याच्या उपयोगी पडतो.

## टप्पा ४: खड्ड्यापासून डीबीपर्यंत (घरातल्या वीज वितरण पेटीपर्यंत)

जमिनीत गाडलेली उघडी अर्थ पट्टी २५×३ मिमी जीआय घ्या. एक-दोन मिलिमीटर जाडीची तार जमिनीत काही वर्षांत गंजून तुटते आणि ते वरून दिसत नाही. पट्टी भिंतीवर आली की तिथे एक छोटी जोडपेटी बसवा आणि पुढे १० चौ. मिमीची हिरवी तांब्याची वायर कॉन्ड्युटमधून डीबीच्या अर्थ पट्टीवर न्या. तांबे आणि जीआय थेट एकमेकांना लावले की ओलीत जीआय खाल्ला जातो, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेला लग, बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर वापरा. जोडपेटीतला हा बोल्ट मोजमापासाठी सोडता येईल असा ठेवा.

नवा खड्डा घराच्या जुन्या अर्थिंगपासून वेगळा ठेवावा, असा एक समज आहे. तो चुकीचा आहे. गाडीचा पत्रा एका अर्थवर आणि शेजारच्या पाण्याच्या पंपाचे आवरण दुसऱ्या अर्थवर असेल, तर बिघाडात त्या दोन्हींमध्ये दाब उभा राहतो. दोन्हीला एकाच वेळी हात लागणारा माणूस मध्ये सापडतो. दोन्ही खड्डे डीबीच्या मुख्य अर्थ पट्टीवर एकत्र आणा. फक्त त्याआधी टप्पा २ मधला न्यूट्रल-अर्थ तुकडा काढलेला असला पाहिजे.

सोसायटीत पार्किंगपर्यंत जाणारी केबल लांब असते. ३२ अँपिअर, ४० मीटर, ६ चौ. मिमी तांबे: दाब सुमारे ८ व्होल्टने पडतो. १० चौ. मिमी घेतली तर सुमारे ५ व्होल्टने. ४० मीटरच्या पुढे १० चौ. मिमीच घ्या. १६ अँपिअरच्या सॉकेटला ४ चौ. मिमी. अर्थ वायर फेजइतक्याच जाडीची. 'अर्थमधून प्रवाह जात नाही, बारीक चालेल' हे ऐकू नका. ज्या क्षणासाठी ती वायर घातली आहे, त्या क्षणी तिच्यातूनच सगळा प्रवाह जातो.

सोसायटीत जनरेटर असेल तर त्याच्या न्यूट्रलचे अर्थिंग झाले आहे का ते विचारा. घरातल्या इन्व्हर्टरवर गाडी लावू नका. बॅकअपवर न्यूट्रल बहुधा तरंगता असतो, चार्जर लाल दिवा दाखवतो आणि तिथे पुन्हा तुकडा टाकायचा मोह होतो.

## टप्पा ५: आरसीसीबी आणि एमसीबी, दोन्ही

'अर्थिंग ५ ओहमच्या आत आहे, मग आरसीसीबी कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. हिशोब करा. घरचा खड्डा ५ ओहम, ट्रान्सफॉर्मरचा १ ओहम. बिघाडात प्रवाह २३० भागिले ६, म्हणजे सुमारे ३८ अँपिअर. ४० अँपिअरच्या एमसीबीला (जादा प्रवाह आला की पडणाऱ्या स्विचला) तो साधा भार वाटतो, ती पडणारच नाही. या काळात गाडीच्या पत्र्यावर ३८ गुणिले ५, म्हणजे १९० व्होल्ट असतात. चांगले अर्थिंग असूनही जीव वाचवणारा आरसीसीबीच. अर्थिंगमुळे तो माणसाचा हात लागण्याआधी पडतो, एवढे काम अर्थिंगचे.

घ्यायचे काय:

- आरसीसीबी: दोन पोल, ३० मिलिअँपिअर, टाइप ए. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आगीसाठी असतो, माणसासाठी नाही.
- एमसीबी: १६ अँपिअर सॉकेटला सी कर्व्ह २० अँपिअर, ३२ अँपिअर वॉलबॉक्सला ४० अँपिअर. आरसीसीबीचे अँपिअर एमसीबीपेक्षा कमी नसावेत. एकट्या आरसीसीबीला जादा भार कळत नाही.
- सर्ज प्रोटेक्टर: टाइप २. वळवाच्या विजांसाठी.

टाइप ओळखायचा तर आरसीसीबीवरचे चिन्ह पाहा. चौकटीत फक्त एक नागमोडी लाट असेल तर तो टाइप एसी, ईव्हीला चालत नाही. लाटेखाली अर्धवट उंचवटे असतील तर टाइप ए. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळती झाली तर टाइप एसीचा गाभा आंधळा होतो आणि खऱ्या बिघाडातही पडत नाही. टाइप एही ६ मिलिअँपिअर डीसीपर्यंतच भरवशाचा. म्हणून वॉलबॉक्सच्या माहितीपत्रकात '६ मिलिअँपिअर डीसी संरक्षण' लिहिले आहे का पाहा. नसेल तर टाइप बी आरसीसीबी लागेल, तो बराच महाग असतो.

इथे सर्वांत जास्त चूक होते: वायरमन फेज आरसीसीबीतून नेतो आणि न्यूट्रल डीबीच्या सामाईक न्यूट्रल पट्टीवरून उचलतो. भार लावताच आरसीसीबी पडतो. मग 'आरसीसीबी खराब आहे' म्हणून तो काढून टाकला जातो. चार्जरचा न्यूट्रल त्याच आरसीसीबीच्या खालच्या टोकावरून स्वतंत्र निघाला पाहिजे आणि पुढे कुठेही दुसऱ्या न्यूट्रलला चिकटता कामा नये. घरभरासाठी एकच आरसीसीबी असेल तर फ्रिज, वॉशिंग मशीन आणि गाडी या सगळ्यांची किरकोळ गळती बेरजेने त्याला पाडते. चार्जरला आरसीसीबी वेगळाच द्या.

## टप्पा ६: सॉकेट किंवा वॉलबॉक्स

पोर्टेबल चार्जरसाठी घरगुती मॉड्युलर सॉकेटऐवजी निळा, तीन पिनांचा इंडस्ट्रियल सॉकेट उत्तम. त्यासाठी चार्जरला तसाच प्लग कंपनीकडून मागून घ्या, स्वतः केबल कापू नका. मॉड्युलर सॉकेटच वापरायचा तर आयएसआय खुणेचा, १६ अँपिअरचा आणि नवा घ्या. जमिनीपासून निदान ८० सेंमी उंचीवर, पावसाचे पाणी आत येणार नाही अशा पेटीत.

एक्स्टेन्शन बोर्ड नको. दुचाकीच्या चार्जरला लावतात तो दोन पिनांचा कन्व्हर्टरही नको. त्यात अर्थ पिन जागीच संपते. प्लग बसत नाही म्हणून मोठी पिन कापणे हा सरळ जिवाशी खेळ आहे.

## टप्पा ७: गाडी लावण्याआधीच्या चाचण्या

क्रम बदलू नका.

१. मेन बंद. जोडपेटीतला बोल्ट सोडून खड्डा घरापासून अलग करा. मेन चालू ठेवून तो बोल्ट कधीही सोडू नका.

२. अर्थ टेस्टरने खड्डा मोजा. प्रवाहाची सळई २५ मीटरवर, दाबाची सळई त्याच रेषेत १५ मीटरवर. मग दाबाची सळई दीड मीटर पुढे आणि दीड मीटर मागे ठेवून पुन्हा मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तरच रीडिंग खरे. एकट्या, कुठेही न जोडलेल्या रॉडवर क्लॅम्प टेस्टर चालत नाही. लक्ष्य ५ ओहमच्या आत. चार्जरच्या पुस्तिकेत यापेक्षा कडक आकडा असेल तर तो पाळा.

३. बोल्ट परत घट्ट करा. डीबीच्या अर्थ पट्टीपासून सॉकेटच्या अर्थ पिनपर्यंत वायरचा सलगपणा तपासा. एका ओहमच्या आत यायला हवा.

४. मेन चालू करा, टप्पा २ ची तीन रीडिंग पुन्हा घ्या.

५. आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबा. पडला पाहिजे. पण हे बटण फक्त आतली यंत्रणा तपासते, अर्थिंग नाही. अर्थ नसतानाही तो पडतो. म्हणून पुढची चाचणी लागतेच.

६. सॉकेटवर आरसीसीबी टेस्टर लावा. १५ मिलिअँपिअरला पडू नये, ३० ला ३०० मिलिसेकंदांत आणि १५० ला ४० मिलिसेकंदांत पडावा.

सर्व आकडे तारखेसह डीबीच्या झाकणाच्या आत चिकटवा.

## टप्पा ८: पहिले चार्जिंग

दिवसा करा, घरी असताना. चार्जरला कमी अँपिअरची सोय असेल तर १० अँपिअरवर सुरू करा. अर्ध्या तासाने प्लगच्या बाजूला, एमसीबीला आणि केबलला हात लावून पाहा. कोमट चालेल, हात ठेववत नसेल किंवा प्लास्टिकचा वास येत असेल तर बंद करा. कारण जवळजवळ नेहमी सैल स्क्रू किंवा लग न लावता पिळून बसवलेली वायर असते. ठीक असेल तर पूर्ण अँपिअरवर न्या आणि एका तासाने पुन्हा पाहा.

आरसीसीबी पडला तर एकदाच परत चढवा, तोही गाडीचा प्लग काढून. गाडीशिवाय टिकतो आणि गाडी लावताच पडतो, तर दोष केबल, चार्जर किंवा गाडीत आहे. गाडीशिवायही पडतो, तर वायरिंगमध्ये. आरसीसीबी वगळून चार्जिंग करू नका, एका रात्रीपुरतेही नाही.

## टप्पा ९: देखभाल

आरसीसीबीचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा. जोडपेटीतला बोल्ट आणि प्लगच्या पिना पावसाळ्याआधी व नंतर पाहा. पिनांवर काळे डाग असतील तर सॉकेट बदला. खड्ड्याचा रोध वर्षातून एकदा, तोही एप्रिल-मे मध्ये. पावसाळ्यातले रीडिंग दिलासा देते, खरे चित्र दाखवत नाही. उन्हाळ्यात खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता, पण मोजणीच्या आदल्या दिवशी नको.

गाडीच्या पत्र्याला कधीही झिणझिण्या आल्या तर केबलला किंवा गाडीला पुन्हा हात न लावता आधी डीबीतली एमसीबी बंद करा, मग प्लग काढा. कोणी चिकटले असेल तर त्याला ओढायला धावू नका, आधी मेन पाडा. पुन्हा चार्जिंग टप्पा ७ च्या सगळ्या चाचण्या झाल्यावरच.